डाव्या हाताचे शिपाई

या प्रकरणात जे काही चांगलं घडलं ते हौसाबाईंमुळे घडलं, म्हणून त्यांचं नाव आधी लिहिते. हौसाबाई म्हणजे शहापूरच्या पोलीस लाइनीत राहणाऱ्या एका हवालदाराची बायको. साताऱ्याकडची, हाडापेरानं मोठी. बाजारात बोलायला लागली की शेजारचा भाजीवाला आपला भाव सांगायचा थांबायचा. त्या दिवसांत पोलिसाची नुसती टोपी दिसली तरी माझे पाय आपोआप घराकडे वळायचे. अशा मला दंडाला धरून भीतीच्या बाहेर आणून बसवलं ते एका पोलिसाच्याच बायकोनं. पुढचं सगळं सांगण्याच्या नादात ही गोष्ट मागे पडू नये.

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याचं. चार खाचरं भाताची, वर डोंगराच्या अंगाला नाचणी. शाळा मी तिसरी पुरी केली आणि चौथीच्या नव्या पुस्तकाचा नुसता वास घेतला. लावणीला हात कमी पडत होते, तेव्हा पुस्तक परत गेलं आणि मी चिखलात उतरले. माझ्यावर एकच थोरला भाऊ, नामदेव. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादा डावरा. जेवताना डावा हात पुढे आला की बाबा त्यावर चापट मारायचे, पण विळा मात्र त्यांनी लोहाराकडून त्याच्यासाठी वेगळा करून आणला होता, उलट्या अंगाला दाते पाडलेला. कापणीला माणसं एका ओळीत बसली की दादाला नेहमी टोकाला बसवायचे, नाहीतर शेजाऱ्याची आणि त्याची कोपरं भिडायची. दुरून आमचं शेत बघणाऱ्याला सगळ्यांचे हात एका बाजूनं चाललेले दिसायचे आणि टोकाचा एक हात उलटा. तो आमचा दादा.

दादा मुंबईला बंदरावर हमालीला गेला. लढाईचे दिवस होते, काम भरपूर होतं. मग स्वराज्याची चळवळ पेटली, धरपकड सुरू झाली आणि त्याची खुशाली येणं बंद झालं. खुशालीच्या जागी पोलीस आले. नामदेव कुठे, कुणाकडे उतरतो, आणखी कोण कोण त्याच्याबरोबर, असं विचारत त्यांनी नाचणीची कणगी उलटी केली. बाबांनी त्यानंतर मला घरात ठेवलं नाही. मुरबाडपर्यंत बैलगाडी आणि पुढे पायी असं करत मला शहापूरला मावशीकडे आणून सोडलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "तुला भाऊ नाय. ध्यानात ठेव. कुनी इचारलं तर तू एकटीच."

मावशीच्या यजमानांची, काकांची, कुरमुऱ्यांची भट्टी होती. घर म्हणजे पुढे दुकान, मध्ये आम्ही आणि मागे भट्टी. पहाटे भात उकडायचं, अंगणात पसरायचं, वाळलं की गिरणीवर न्यायचं, आणि मग तो तांदूळ तापलेल्या वाळूत पडला की कढईत आधी सळसळ आणि मग एकदम फुलण्याचा आवाज. तो आवाज मला फार आवडायचा, कारण त्यात बाहेरची पावलं ऐकू येत नसत. भट्टी विझली की मला सगळं ऐकू यायचं. शेजारच्या गोठ्यातली घंटा, रस्त्यावरचे बूट, दाराची कडी. मी निजतानाही पदर घट्ट खोचून निजायचे, उठून पळायचं झालं तर तयार असावं म्हणून. मावशी हसायची. "चंद्रे, पोलीस काय तुझ्या पदराला इचारून येतील?" पण रात्री उठून तीही एकदा कडी चाचपून यायची.

हौसाबाईंची ओळख झाली ती शेवळांमुळे. पावसाच्या तोंडावर ठाकरणी रानातून शेवळं, ही कोंबांची भाजी, आणतात. आमच्याकडे ती काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय कोणी शिजवत नाही, नाहीतर घसा धरतो. साताऱ्याच्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? तिनं मेथीसारखी परतून वाढली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दुकानाच्या पायरीवर उभी. "काय गं पोरी, तुमच्या हितली भाजी हाय का खाजकुइली? आमचं मालक परेडीला हुकूम द्यायला गेलं तर नुसतं खाकरत हुतं. शिपायांला वाटलं, थांबायचा हुकूम हाय!" मी भीतीनं अर्धी मेले होते, तरी हसू आलं. काकडाची फळं कशी घालायची ते मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगून माझ्या हातनं व्हायचं न्हाई. पुढच्या पावसाळ्यात तूच येऊन करून घाल." मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, कुठली, कुणाची. मी पढवल्याप्रमाणे सांगितलं, "पडघ्याची. मी एकटीच. भाऊ नाय मला." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण मला त्या दिवसांत सगळेच जास्त वेळ बघतात असं वाटायचं.

भात झोडून झालं, गिरणीवर गर्दी सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. काका जेवताना हळूच म्हणाले की तात्यांच्या गिरणीत उद्या चळवळीची फिल्म दाखवणार आहेत. तात्या म्हणजे गिरणीचे मालक. मुंबईच्या मोर्च्यावर सरकारनं लाठी चालवली ती कोणीतरी खिडकीतून, गच्चीवरून चोरून टिपली होती. सरकारची बंदी होती. सापडली तर दाखवणारा आत आणि बघणाराही आत. ती भरदुपारी दाखवायची होती, तीही बाजाराच्या दिवशी, कारण यंत्राच्या दिव्याला वीज हवी आणि वीज तात्यांच्या इंजिनावर पट्टा चढवूनच करता येत होती. शिवाय इंजिन आणि भात भरडायचं यंत्र दोन्ही चालू असली की आतल्या खोलीत कोणी ओरडला तरी अंगणात कळत नसे. मावशीनं मला पाठवलं, कारण आमचं भात तसंही न्यायचं होतं. "मुंबईचं हाय म्हनतात," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "डोळं उघडं ठेव नि तोंड बंद ठेव गो बाय."

गिरणीच्या अंगणात बायकांची रांग होती. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली आणि प्रत्येक टोपलीत भात, पण तळ झाकेल इतकंच. खरी भरलेली टोपली फक्त माझी. तेवढ्यात फाटकातून हौसाबाई आल्या, त्यांच्याही डोक्यावर टोपली. तात्या धावत पुढे आले.

"बाई, आज गर्दी फार हाय. तुमी उद्या या, मी सोता काढून देतो."

"आन आज काय खाऊ, कोंडा?"

"तसं नाय ओ बाई…"

हौसाबाईंनी एकेका टोपलीत डोकावून बघितलं. "अगं बया, येवढंसं भात? ह्ये तर घरी उखळात चार घाव घातलं की झालं. त्यासाठनं समद्या गावच्या बायका गिरणीवर?" तात्यांचा चेहरा पिठासारखा झाला. मग त्या अगदी हळू बोलल्या, म्हणजे त्यांच्या मानानं हळू. "घाबरू नका. आमच्या मालकांनी उखळ जल्मात बघितलं न्हाई, त्येंला ह्यातलं काय कळतंय? मी तोंड उघडणार न्हाई. पर माझं भात आधी काढायचं."

अशा रीतीनं हवालदाराची बायको आमच्यात आली, आणि बसायला जागा कुठली मिळाली, तर माझ्या मांडीला मांडी लावून. मी उठून जायचा विचार केला. पण उठले तर का उठली असं होईल म्हणून बसून राहिले. भित्र्या माणसाचं असंच असतं, त्याला पळायचीही भीती वाटते.

पोत्यांच्या खोलीत मधोमध दोन धोतरं जोडून शिवलेलं कापड टांगलं होतं. पुरुष दाराकडच्या बाजूला, यंत्राच्या पुढे. आम्ही बायका कापडाच्या मागे. म्हसोबाच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमालाही तशीच रीत होती, त्यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. कापडावर पाणी मारून ते ओलं ठेवत, म्हणजे उजेड आरपार येई. इंजिन धडधडायला लागलं, दार लागलं, आणि आमच्यापुढे मुंबईचा एक रस्ता उभा राहिला. आवाज अर्थात नव्हता. आवाज सगळा इंजिनाचा. भरडायच्या यंत्रात भात ओतलं की इंजिन दबायचं आणि कापडावरची माणसं काळवंडायची, पुन्हा उजळायची.

आधी एक पाटी आली, अक्षरांची. मी वाचायला गेले. वर रेघ होती, खाली अक्षरं होती, काना होता, वेलांटी होती, पण एक शब्द लागेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथीत गेले नाही त्याचं हे फळ, वाटलं. जे येत होतं तेही चिखलात गेलं. शेजारणीला विचारायची लाज, आणि शेजारीण ही अशी.

मग मोर्चा निघाला. दुकानं बंद, पांढऱ्या टोप्या, पुढे बायका. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. मुंबई आहे, गुजरातणी असतील, मी मनात म्हटलं. समोर शिपायांची भिंत. मी आजवर शिपाई बघितला तो खालून वर, आमच्या दारात, मान खाली घालून. इथे मी त्यांच्याकडे सरळ बघत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते घाम पुसत होते. एकजण सारखा मागे वळून साहेबाकडे बघत होता. सरकार घाबरतं, हे मला त्या कापडानं पहिल्यांदा दाखवलं. एका गोऱ्या साहेबाला टिपणारा दिसला असावा. तो तरातरा आमच्या अंगावर चालून आला, त्यानं पंजा पुढे केला आणि तो पंजा कापडाएवढा होऊन सगळं काळं झालं. बायका मागे सरकल्या. मागची एक म्हणाली असावी, "अग आये!" ओठ दिसले, आवाज आला नाही.

पुन्हा उजेड झाला तेव्हा लाठ्या चालू होत्या. माणसं डोकी धरून बसत होती, उठत होती. आणि त्यांच्यातून एक उंच, किडकिडीत माणूस झेंडा घेऊन चालत आला. झेंडा डाव्या हातात. तोंड पुरतं दिसत नव्हतं, ओल्या कापडातून सगळ्यांची तोंडं विरघळल्यासारखी होती. पण खांदा तसा, चाल तशी, आणि सगळे हात एका बाजूला असताना तो एक हात उलटा. लाठी पडली. त्यानं झेंडा डाव्याच हातात धरून ठेवला. दुसरी पडली. तो गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला. चौघांनी त्याला उचलून नेलं तेव्हा त्याचा डावा हात लोंबत होता.

"दादा!" मी ओरडले. कोणालाही ऐकू गेलं नाही. इंजिन होतं. फक्त जिच्या मांडीला माझी मांडी होती तिला ऐकू गेलं.

हौसाबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, कांद्याचा वास येणारा, खरबरीत. मला वाटलं, संपलं. आता बाबांना नेतील, मावशीला नेतील. त्यांनी तोंड माझ्या कानाला लावलं.

"तुला भाऊ न्हाई म्हनत हुतीस की."

मी डोळे मिटून घेतले.

"त्यो झेंडेवाला? त्योच का?" मी मान हलवली. "तोंड बघितलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग कशावरनं?"

"डावरा हाय," मी त्यांच्या कानात म्हटलं. "आमचा दादा डावरा हाय."

त्यांनी मान वळवली. कापडाकडे बघत राहिल्या. तिथे अजून लाठ्या चालल्या होत्या. मग त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी पिचली.

"आगं, ही समदी डावरी हायत! त्ये बघ, त्यो शिपाई, पलीकडचा, त्यो दाढीवाला. समद्यांच्या लाठ्या डाव्या हातात. लाइनीत कवायत मी रोज बघती. डाव्या हातात लाठी धरली तर आमचं मालक बोटं मोडून ठेवतील. सरकारनं येवढं डावरं शिपाई आनलं कुठनं?"

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "कापडाच्या उलट्या अंगाला बसवलंय आपल्याला. चोळी उलटी घातल्यागत उजवं त्ये डावं दिसतंय. ऊठ."

पुढच्या घोळक्यासाठी फिल्म पुन्हा गुंडाळत होते. हौसाबाई मला दंडाला धरून ओढत कापडाला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला गेल्या. हवालदारीण समोर उभी बघून यंत्रवाल्या चष्मेवाल्यानं अंगातला कोट काढून यंत्रावर टाकला आणि त्यावर स्वतः आडवा झाला. पुरुष उठून भिंतीला लागले.

"बसा की! मी काय वाघ हाय?" हौसाबाई म्हणाल्या. "पोरीला भवळ आली, दाराशी वारं लागतंय म्हून आनली. तात्या, पानी द्या हिला. आन तुमी ओ चष्मेवालं, उठा त्या यंत्रावरनं, पोट भाजंल."

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोलीतली हवा सैल झाली. आम्हाला पहिल्या ओळीत जागा मिळाली. पुरुषांच्या बाजूला दोन बायका. तसं शहापुरात त्याआधी झालं नसेल.

पाटी आली. आणि अक्षरं अक्षरं झाली. "पो-ली-स," मी वाचलं. "शिपाई. आणि. सत्याग्रही." मला वाचता येत होतं! काही विसरले नव्हते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खऱ्या गोष्टीला अजून अवकाश होता तरी. बायकांचे पदर डाव्या खांद्यावर आले. साहेबाचा पंजा आला, गेला. लाठ्या उजव्या हातांत गेल्या. हौसाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. त्यांचे डोळे मी तेव्हा बघितले. माझी नजर पांढऱ्या टोप्यांवर, त्यांची एकेका शिपायावर. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, चळवळ पेटली तेव्हा, त्यांच्या मालकांना बंदोबस्ताला मुंबईला नेलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग तो आला. झेंडा उजव्या हातात. ह्या बाजूनं तोंड स्वच्छ दिसत होतं. रुंद जबडा, जाड मिशी, वय दादाहून पुष्कळ जास्त. आमच्या दादाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. परका माणूस. माझ्या पोटातून जो श्वास बाहेर पडला तो कधीपासून कोंडला होता कोणास ठाऊक, बाबांनी कणगी सरळ उभी केली त्या दिवसापासून असावा. मी हसले. आणि त्याच क्षणी पहिली लाठी त्याच्यावर पडली, दुसरी पडली, तो गुडघ्यावर आला. मी हसतच होते. मला तोंड मिटता येईना. माझ्या शेजारीही एक लांब श्वास सुटल्याचं मला मांडीला कळलं.

परवा नातवानं टीव्हीवर सध्याच्या सरकारच्या कारभारावरचा एक माहितीपट लावला होता. तासभर घरात वादावादी झाली, सून एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. मग नातवानं विचारलं, "आजी, तुला काय वाटलं?" मी काय सांगणार? गर्दी दिसली की मी अजून हातांकडे बघते. कोणाचा हात कुठला, तोंड पुरतं दिसलं का. आणि आपलं कोणी नाही अशी खात्री झाली की मग मला सरकारचा राग येतो. आधी येत नाही. हे बरोबर की चूक ते शिकलेल्यांनी ठरवावं.

त्या दिवशी गिरणीवरून परतताना आम्ही दोघी डोक्यावर तांदूळ घेऊन बाजाराच्या मागच्या वाटेनं आलो. उन्हं कलली होती. मी म्हटलं, "बाई, त्यो मानूस पडला नि मी हसले."

"बघितलं मी."

"त्याच्या घरी कोन असंल ओ?"

"असंल की कुनीतरी." त्या थोडा वेळ चालल्या. "आज तुझा न्हाई, येवढं धर. आज हसून घे. त्याच्यासाठनं उद्या रड, मीबी रडीन. दोन्ही येकाच दिशी करायला गेलीस तर येड लागंल."

"तुमी एकेक शिपाई बघत होता. तुमचे मालक नव्हते ना त्यात?"

त्यांनी टोपली एका हातानं सावरली. "न्हवतं," त्या म्हणाल्या. "आन तुला भाऊ न्हाई. मला ठावं हाय, पडघ्याची येकुलती येक हायस तू." आणि लाइनीकडे वळल्या.

त्या रात्री मी पदर सैल सोडून निजले. मावशी कडी बघायला उठली तेव्हा मी जागी नव्हते, असं तिनंच नंतर सांगितलं.

दादा लावणीच्या अखेरीला घरी आला, दाढी वाढलेला, हाडं मोजून घ्यावीत असा. दुसऱ्याच नावानं तो तुरुंगात होता. बाबांनी त्याला डाव्या हातानं जेवू दिलं, चापट मारली नाही. मी त्याला गिरणीतली सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो ठसका लागेपर्यंत हसला. "झेंडा? माझ्या हातात कोन देतंय झेंडा? मी तर बादली घेऊन पानी वाटत होतो!" ही हकीकत मला हौसाबाईंनाही सांगायची होती. पण पावसाच्या आधीच त्यांच्या मालकांची बदली झाली. सामान बैलगाडीत चढवताना त्या दुकानाशी थांबल्या, कुरमुरे घेतले आणि एवढंच म्हणाल्या, "शेवळं राह्यली गं पोरी."

ती अजून राहिलीत. त्यांच्या गावाचं नाव मला पाठ आहे, वाईच्या पलीकडचं. त्या आता असतील असं वय राहिलेलं नाही, पण लेकीसुना, नाती असतील. येत्या ज्येष्ठात मुरबाडच्या बाजारात शेवळांची पहिली जुडी आली की मी नातवाला गाडी काढायला लावणार आहे. काकडाची फळं मी घरूनच नेईन, तिकडे मिळायची नाहीत. हौसाबाई, तुमच्या घरच्या चुलीवर तुमच्या माणसांना मी ही भाजी करून वाढणार आहे, आणि कुणाचाही घसा धरणार नाही.